न घातलेल्या फळाचा वास

मामाने म्युनिकला येण्याआधीच व्हॉट्सॲपवर यादी पाठवली होती. राजवाडे, चर्च, आल्प्स, काही नाही. एक नंबरला बीएमडब्ल्यूचं संग्रहालय आणि दोन नंबरला ‘जर्मन बिअर, पण नीट समजावून सांगणारं कोणी असेल तिथे’. मामा मूळचा केळ्यांच्या रावेरचा, पण नोकरी सगळी अंबरनाथला झाली, स्वादाची आणि सुगंधाची द्रव्यं बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. निवृत्त झाला तरी कुठलाही पदार्थ तोंडात टाकण्याआधी तो नाकाशी नेतो, आणि मामी चारचौघांत त्याला त्यावरून बोलते. एरवी त्याची बिअर म्हणजे रविवार दुपारची कडकडीत गार हेवर्ड्स आणि खारे दाणे. त्यात वास घेण्यासारखं काही असतं असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

मी शोधून शोधून एक आस्वादनाचा वर्ग निवडला. विषय एकच: गव्हाची बिअर, आणि त्यातही फळांच्या वासाची. जागा इझारटोरजवळचं एक तळघर, शिकवणाऱ्या बाई बिअर सॉमेलिए, म्हणजे बिअर पारखून समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञ. जर्मनीत याचं रीतसर शिक्षण मिळतं, म्युनिकला लागून असलेल्या ग्रेफेलफिंगमधली डोमेन्स अकादमी त्यासाठी नावाजलेली आहे. नोंदणीच्या मेलमध्ये सूचना होत्या: अत्तर नको, आधी कॉफी नको, तिखट खाऊन येऊ नका. मी मामाला हे सांगायला गेले तर तो म्हणाला, “मी सकाळपासून दाढीचं लोशनसुद्धा लावलेलं नाही. आमच्याकडे वास पारखायच्या पॅनेलला बसायच्या दिवशी अंघोळीचा साबणपण बिनवासाचा असायचा.” न्याहारीला मी फोडणीचे पोहे केले होते, ते मात्र त्याने दोनदा घेतले.

टेबलावर आधी बिअर आलीच नाही. आला तो झाकणं लावलेल्या छोट्या बाटल्यांचा ट्रे. बाई म्हणाल्या, बोलायचं नाही, जे आठवेल ते कागदावर लिहायचं. नाक बाटलीत खुपसून बसायचं नाही. बाटली नाकाखालून एकदा झर्रकन न्यायची, मग थांबायचं, मग पुन्हा. जास्त वेळ हुंगलं की नाक त्या वासाला सरावतं आणि काही सांगेनासं होतं. पहिल्या बाटलीवर मी लिहिलं ‘केळं’. शेजारच्या जर्मन जोडप्याने लिहिलं ‘लहानपणच्या केळ्याच्या गोळ्या’. मामाने लिहिलं ‘आयसोअमाइल ॲसिटेट, बरंच पातळ केलेलं’.

बाईंनी ती चिठ्ठी वाचून विचारलं, “तुम्ही ब्रूमास्टर आहात का?” मी भाषांतर केलं. मामा म्हणाला, “सांग त्यांना, ड्रमने हाताळलंय मी हे. कपडे धुतले तरी वास जायचा नाही, लोकलमध्ये माणसं सरकून बसायची.” हेही भाषांतर केलं. त्यानंतर संध्याकाळभर बाई प्रत्येक बाटली सगळ्यांत शेवटी मामाकडे नेत होत्या, म्हणजे बाकीच्यांना काहीतरी लिहिता यावं.

दुसऱ्या बाटलीत दाताच्या दवाखान्याचा वास होता. मामा म्हणाला, “युजेनॉल. लवंग.” इथे बाईंनी त्याला गाठलं. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं हे खरं, पण बिअरमधला लवंगेचा वास त्याच्या चुलत भावाचा, चार-व्हायनिल ग्वायकॉलचा. गव्हाच्या आणि जवाच्या दाण्यात फेरुलिक आम्ल बांधलेलं असतं. दळलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, पाण्यात कालवून ४३ ते ४५ अंशांवर थोडा वेळ ठेवलं की ते आम्ल सुटं होतं, आणि पुढे यीस्ट त्याचं व्हायनिल ग्वायकॉल करतं. प्रत्येक यीस्टला हे जमत नाही. लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली नेहमीची बिअर, बनवणाऱ्यांनी तर हे न जमणारीच यीस्ट पिढ्यानपिढ्या निवडली, कारण लागरमध्ये लवंग म्हणजे दोष. गव्हाच्या बिअरमध्ये तोच दोष गुण होतो. मामाला हा भाग फार आवडला. “म्हणजे रिॲक्टर एकच, ऑपरेटर बदलला की माल वेगळा,” असं तो मला म्हणाला. यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं.

केळ्याचं काम लवंगेहून निराळं. तेही यीस्टचंच, पण धान्यातून थेट येत नाही. साखर खाऊन वाढताना यीस्ट अल्कोहोलं बनवतं, त्यातल्या एकाची ॲसिटेटशी गाठ पडते आणि केळ्याचा वास तयार होतो. यीस्टला उबदार ठेवलं, १८ ते २२ अंशांत, तर हा वास जास्त. लागरसारखं १० अंशांच्या आसपास ठेवलं तर जवळजवळ नाहीच. भांडं उथळ आणि उघडं असेल तर आणखी जास्त, कारण उंच बंद टाकीतला दाब आणि साठलेला वायू या फळांच्या वासाच्या द्रव्यांना, म्हणजे एस्टरांना, आवरतो. लिटरमागे मोजून काही मिलिग्रॅम पुरतात. बाईंनी जाता जाता सांगितलं की मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माशांना धोका कळवायला हेच द्रव्य सोडते, म्हणून मधपाळ पोळ्याजवळ केळी खात नाहीत. मामाने हे वहीत टिपून घेतलं. इतकी वर्षं ड्रम हाताळून हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग एकदाची बिअर आली. पहिली वाइहेनश्टेफानची. फ्रायझिंगच्या टेकडीवरची ही ब्रुअरी बाटलीवर १०४० हे साल मिरवते. त्या सालाबद्दल इतिहासकार कुरकुरतात, पण तिथल्या यीस्टबद्दल कोणी कुरकुरत नाही. ‘वाइहेनश्टेफान ६८’ हा वाण जगभरातल्या छोट्या ब्रुअऱ्या गव्हाच्या बिअरसाठी मागवतात. ओतायची पद्धत बाईंनी करून दाखवली. उंच, बुडाशी निमुळता आणि तोंडाशी रुंद ग्लास थंड पाण्याने विसळून घ्यायचा, तो ओलाच असला पाहिजे. ग्लास आडवा होईल इतका तिरका धरायचा, बाटली हळू रिकामी करायची आणि तळाशी दोन बोटं उरली की थांबायचं. उरलेली बाटली गोल फिरवून तळाचा गाळ उठवायचा आणि तो फेसावर सोडायचा. गाळ म्हणजे यीस्ट. तो गेला नाही तर बिअर नितळ राहते, आणि मग ती प्यायची कशाला, हे माझं मत. गाळलेली, नितळ गव्हाची बिअरही इथे मिळते, आणि उन्हात टेनिस खेळून आलेल्या लोकांना ती आवडते म्हणे.

आम्हाला प्रत्येकाला शंभर मिलीचा पेला मिळाला. नाकाला लगेच केळं लागलं, त्यामागे लवंग, आणि त्याच्याही खाली गहू. मला तो आजीच्या घरी कुरडयांसाठी चीक शिजत असताना येणारा वास वाटला, कच्चटपणा नुकताच गेलेला आणि किंचित आंबूस. मामाला विचारलं तर तो डोळे मिटून “हो” म्हणाला. केळ्याबद्दल मात्र त्याने रावेरी बाणा दाखवला. हे झाडावरचं केळं नाही, वखारीत पिकवून दोन दिवस ठेवलेलं, सालीवर काळे ठिपके पडलेलं केळं आहे.

यानंतर जे केलं त्यासाठी मी हा सगळा खटाटोप लिहिते आहे. बाई म्हणाल्या, नाक चिमटीत घट्ट धरा, मोठा घोट घ्या, गिळा, आणि सांगा काय लागलं. सगळ्या टेबलावर शांतता. तोंडात जे होतं ते म्हणजे थंडपणा, जिभेवर चुरचुरणारे बुडबुडे, जराशी आंबट कड, मागे अगदी हलका कडूपणा आणि मऊ पिठूळ जाडी. केळं गायब. लवंग गायब. गोडी शोधायला गेले तर तीही जवळजवळ नाही. “आता नाक सोडा आणि तोंड मिटून श्वास नाकाने बाहेर टाका.” श्वास बाहेर जाता जाता केळं परत आलं, इतकं स्पष्ट की समोरची जर्मन बाई हसायला लागली.

केळ्याचा वास येतो तिथे गोडी असणारच, हे आपलं नाक जन्मभर शिकत आलेलं असतं. आंबा, केळं, अननस, फणस: आपल्याकडे वास आणि गोडी कायम हातात हात घालूनच येतात. त्यामुळे वास आला की जीभ गोडीची वाट बघते, आणि डोकं ती स्वतःच भरून काढतं. नाक धरल्याबरोबर हा हिशेब उघडा पडला. पेल्यातल्या बिअरमधली बहुतेक साखर यीस्टने कधीच खाऊन टाकलेली होती. फळाचा वास होता, फळाची गोडी नव्हती. मामाने तीनतीनदा नाक धरून-सोडून खात्री केली आणि मग म्हणाला, “आम्ही हे उलटं विकायचो. साखरेच्या पाण्यात वास घालून.”

पुढच्या पेल्यात हीच बिअर होती, पण बाईंनी मुद्दाम उन्हाळाभर कपाटात ठेवलेली. केळं अर्ध्याहून कमी, लवंग धुरकट, आणि मध्येच ओल्या पुठ्ठ्याचा वास. केळ्याचं एस्टर टिकाऊ नसतं, बाटलीतच हळूहळू मोडतं. तेव्हा गव्हाची बिअर घेताना बाटलीवरची तारीख बघायची, ती जितकी ताजी तितकी बरी. वर्षभर कोपऱ्यात पडलेली परदेशी बाटली महाग देऊन घेण्यात अर्थ नाही.

मध्ये पाव आणि पाणी. मी मामाला गव्हाबद्दल जे कळलं ते सांगत होते. जर्मनीत ‘वाइसबिअर’ म्हणायला निम्मं तरी माल्ट गव्हाचं लागतं. पूर्ण गव्हाची बिअर सहसा कोणी काढत नाही, कारण मळणीत गव्हाचं टरफल निघून जातं आणि दळलेला गहू पाण्यात चिकट लगदा होऊन बसतो, त्यातून रस गाळता येत नाही. जवाचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, त्याचाच गाळणीसारखा थर बनतो. म्हणून उरलेलं जव.

मग आला तो प्रकार मला मुळीच नको होता, पण बाईंनी तुलनेसाठी आणला. बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथल्या, खानावळींत ‘बनाननवाइत्सेन’ मिळते, गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा रस घातलेली. घोट घेतला. घट्ट, गोड, आणि वास उलट कमी, कारण रसाच्या जाडीखाली यीस्टचं केळं दबून गेलं होतं. नाक धरलं तरी गोडी तशीच राहिली. मामाला पुण्याची आठवण झाली. माझ्या मावसभावाने त्याला एका ब्रुअरीत आंब्याची गव्हाची बिअर पाजली होती आणि मामाने तिथेच, वेटरसमोर, निकाल दिला होता: “हापूस नाही, हापूसचा फोटो आहे.”

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आंब्याची बाजू घेतली, आणि मला ते पटलं. आमरस आंबवण्याच्या सुरुवातीला घातला तर यीस्ट त्यातली साखर खाऊन टाकतं आणि वर उसळणाऱ्या वायूबरोबर वासही बराचसा उडून जातो. उरतो तो आंबटपणा आणि थोडा रंग. शेवटी घातला तर वास राहतो पण साखरही राहते, मग ती बिअर थंडगार ठेवून लवकर संपवावी लागते, नाहीतर पुन्हा आंबायला लागते. त्यामुळे पिंपातला आंबा ब्रुअरला नेहमीच अडचणीत टाकतो. यावर काही जण वरून एसेन्स घालतात. बाई यावर काही बोलल्या नाहीत, मामाने मान हलवली.

बेल्जियमची वाट तिसरी. तिथे कच्चा, मोड न आणलेला गहू, संत्र्याची साल आणि धने घालतात. ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यात बंद पडली होती, हूगार्डन गावात पिएर सेलिस यांनी १९६०च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. आपल्याकडे २०१५ साली आलेली बिरा व्हाइट याच घराण्यातली. म्हणजे तिच्यातलं संत्रं हे बाहेरून आलेलं संत्रं. वाईट नाही, पण त्या संध्याकाळी आम्ही दुसऱ्या संत्र्याची वाट बघत होतो.

ते आलं श्नायडर या बव्हेरियन ब्रुअरीच्या बाटलीतून. नाव ‘माइने हॉप्फनवाइसे’, बाटलीवर टॅप ५, अल्कोहोल ८.२ टक्के. हिची गोष्ट मला आधीपासून माहीत होती. २००७ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीचे गॅरेट ऑलिव्हर आणि केलहाइममधल्या श्नायडरचे ब्रूमास्टर हान्स-पेटर ड्रेक्सलर यांनी मिळून ही बनवली. कल्पना अशी की बव्हेरियाचं यीस्ट आणि अमेरिकन हात, म्हणजे हॉप्स, बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं, सढळ. बिअर आंबून झाल्यावर, थंड असताना, तिच्यात हालरटाउचे सफीर हॉप्स भिजवायचे. उकळताना घातलेले हॉप्स कडूपणा देतात, थंडीत भिजवलेले हॉप्स वास देतात. अमेरिकेतल्या जुळ्या बाटलीत त्यांनी तिकडचे हॉप्स वापरले. हालरटाउ हा म्युनिकच्या उत्तरेचा पट्टा, जगातल्या सर्वांत मोठ्या हॉप्स-पट्ट्यांपैकी एक. ट्रेनने न्यूर्नबर्गला जाताना उंच तारांवर चढलेले वेल दिसतात, आणि मामाला आदल्या दिवशी ते तोंडल्याचे मांडव वाटले होते.

बाईंनी ही बिअर आधीच फ्रिजमधून काढून ठेवली होती. फार गार असली तर वास कोंडून राहतो, दहा-बारा अंशांना सुटतो. रंग गढूळ नारिंगी, फेस जाड. पहिल्या हुंगण्यात मला संत्र्याची साल आली, सोलताना बोटांना लागते ती. मग पिकलेलं केळं, मग अननसाच्या देठाकडचा भाग, मग मिरी. मामा गप्प होता. बराच वेळ. मग म्हणाला, “आंबा आहे.”

मला आंबा येत नव्हता. जर्मन जोडप्याला येत नव्हता. बाईंनी विचारलं, कुठला भाग? यावर मामाने जे उत्तर दिलं त्याचं भाषांतर करायला मला वेळ लागला: “गर नाही. देठ तोडल्यावर चीक येतो ना, तो.” मी पुन्हा हुंगलं आणि खरंच, तो होता, हिरवट, तिखट, सालीजवळचा. बाई खूश झाल्या. हॉप्सच्या तेलात मिर्सिन नावाचं वासाचं द्रव्य भरपूर असतं, आणि ते आंब्यातही असतं. म्हणजे मामाचं नाक भलतीकडे गेलेलं नव्हतं, ते एका खऱ्याखुऱ्या रेणूपाशीच पोहोचलं होतं. त्यापुढे बाईंनी सांगितलेली गोष्ट तर मामाला थेट भिडली: हॉप्समधल्या जेरॅनिऑल नावाच्या सुगंधी द्रव्याचं यीस्ट काही प्रमाणात सिट्रोनेलॉल हे दुसरं द्रव्य करतं. म्हणजे हॉप्सनी आणलेला वास यीस्ट पुन्हा बदलून ठेवतं. “हे आम्ही प्लांटमध्ये हायड्रोजन लावून करायचो,” मामा म्हणाला, आणि त्याने पहिल्यांदाच पेला बाजूला ठेवून बाटलीकडे बघितलं.

चव वासाहून अवघड होती. सुरुवात मऊ, माल्टची थोडी गोडी खरोखरच आहे, पण ती टिकत नाही. घोट उतरतो तसा कडूपणा चढतो आणि जिभेच्या मागे बसतो. घशात अल्कोहोलची ऊब लागते. बिअर चाखताना वाइनसारखं थुंकत का नाहीत हे इथे कळलं, कारण कडूपणा गिळल्याशिवाय पुरता कळतच नाही. नाक धरून घेतलेला घोट तर चक्क औषधी लागला. नाक सोडलं की तोच कडूपणा संत्र्याच्या सालीचा होतो, आणि मग तो खुपत नाही. मला ही बिअर फार आवडली, पण शंभर मिलीच. अर्धा लिटर प्यायला बसले असते तर दुसऱ्या निम्म्यात नाकाने संप केला असता. फळं, कडूपणा, मसाला, अल्कोहोल, सगळे एकदम बोलत असतात.

वर्ग संपल्यावर पाच मिनिटांवर ताल रस्त्यावर श्नायडरचीच जुनी खानावळ आहे, तिथे जेवायला गेलो. गव्हाच्या बिअरचा बव्हेरियातला प्रवास मी मामाला तिथे सांगितला. १५१६च्या कायद्याने बिअर फक्त जव, हॉप्स आणि पाण्याची ठरवली, म्हणजे गहू बाहेर. तरी देगेनबेर्ग घराण्याला गव्हाची बिअर करण्याची खास सनद होती. १६०२ साली ते घराणं निर्वंश झालं, सनद बव्हेरियाचा ड्यूक माक्सिमिलियान याच्या हाती आली, आणि त्याने ती दाबून कमाई केली. केलहाइमची गव्हाच्या बिअरची ब्रुअरी १६०७ची, त्यानेच उभारलेली. पुढे दोन शतकांत लोकांची आवड गेली, आणि १८७२ साली गेओर्ग श्नायडर यांनी गव्हाची बिअर बनवण्याचा हक्क मिळवून याच रस्त्यावर काम सुरू केलं. १९४४च्या बॉम्बहल्ल्यांत इथली ब्रुअरी गेली, तेव्हापासून बिअर केलहाइममध्ये बनते, अजूनही उघड्या हौदांत आंबवून.

मामाला सनदीत रस नव्हता, हौदांत होता. “उघडं? माश्या?” एवढंच विचारलं. मग टॅप ७ मागवली, ५.४ टक्क्यांची, त्यांची रोजची. इथे ग्लास ठोकतात ते तळाकडून, कारण वरची कड पातळ असते. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मामाला हे हाताने दाखवलं. टॅप ७मध्ये केळं होतं, लवंग होती, भाजलेल्या पावाचा एक तपकिरी वास होता, आणि कोणी ओरडत नव्हतं. मामाने पहिल्यांदाच न हुंगता प्यायली.

परत जाताना त्याला हॉप्फनवाइसेच न्यायची होती. भारतात नेता येते ती मद्याची करमुक्त मर्यादा दोन लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. दुकानात त्याने शेल्फवरची एकेक बाटली उलटीसुलटी करून सगळ्यांत लांबच्या तारखेच्या चार काढल्या, दुकानदार बघत राहिला. दिवाळीला उघडू म्हणत होता. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत हॉप्सचा वास बसून जाईल, केळंही जाईल, कडू पाणी उरेल, उतरलास की आठवडाभरात उघड. उभ्या ठेव, फ्रिजच्या दारात नको, आत ठेव, आणि पिण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढ.

मामी पीत नाही. तिने अंबरनाथला फक्त ग्लासचा वास घेतला आणि विचारलं, “ह्यात कुठकुठली फळं घातलीत?” जेवण गार होईपर्यंत मामा उत्तर देत होता, असा मावसभावाचा निरोप आला.